पुरणयंत्र, मटारची सालं आणि पोट भरणारं सूप

आईच्या खालच्या दाढा काढल्या आणि कवळी तयार होऊन नीट बसेपर्यंत तीन महिने लागणार होते. एकोणऐंशी वर्षांची बाई, आयुष्यभर रात्री भाकरी खाल्लेली. दोन आठवडे दूधभात आणि मऊ खिचडी झाल्यावर तिनं ताट बाजूला सारलं. घरात रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे असतो, म्हणून मी सूप करायचं ठरवलं. टोमॅटोचं, लालभडक, वर सायीचा ठिपका. आईनं ते संपवलं, वाडगा खाली ठेवला आणि म्हणाली, "छान झालंय रे. आता जेवायला काय आहे?"

तिचं बरोबर होतं. हॉटेलात जेवणाआधी येणारं सूप भूक चाळवण्यासाठी असतं. टोमॅटोचं पाणी, थोडं लोणी, थोडी साखर आणि दाटपणासाठी कॉर्नफ्लोअर. ते वाडगाभर प्यायलं तरी तासाभरात डबे उघडले जातात. सूपवरच जेवण उरकायचं असेल तर त्याची बांधणी वेगळी हवी. गेली दोन वर्षं नाशिकच्या थंडीत आणि पावसाळ्यात आठवड्यातून दोन-तीन रात्री मी अशी सूपं करतोय. त्यातली जी जमली ती इथे सांगतो. जी फसली तीही सांगतो, कारण शिकलो जास्त त्यातूनच.

आधी माप

चार जणांच्या पोटभर सूपसाठी माझं माप ठरलेलं आहे. कोरडी डाळ किंवा कडधान्य १५० ग्रॅम, म्हणजे घरातली एक सपाट वाटी. भाज्या अर्धा किलो. एक मोठा बटाटा, नाहीतर मूठभर तांदूळ, दलिया किंवा पास्ता. दोन टेबलस्पून तेल, तूप किंवा लोणी. आणि सव्वा ते दीड लिटर पाणी. यातून प्रत्येकाला मोठा वाडगा भरून मिळतं आणि एखाद्याला अर्धा वाडगा परत घेता येतो.

यातली डाळ सोडायची नाही. नुसत्या भाज्यांचं सूप कितीही दाट केलं तरी ते पोटात टिकत नाही. १०० ग्रॅम कोरड्या मसुरात सुमारे २४ ग्रॅम प्रथिनं असतात. सूपमध्ये वाटीभर मसूर पडला की प्रत्येकाच्या वाट्याला नऊएक ग्रॅम येतात, शिवाय दाटपणा आपोआप येतो आणि कॉर्नफ्लोअरचा डबा उघडावा लागत नाही. स्निग्ध पदार्थातही फार कंजुषी नको. तेल चमचाभरावर आणलं की सूप आजाऱ्याला दिल्यासारखं लागतं.

भांडं म्हणाल तर जाड बुडाचं पातेलं किंवा पाच लिटरचा कुकर, झाकण न लावता. पातळ बुडाच्या पातेल्यात डाळ हमखास खाली लागते.

फुकटचं पाणी

साध्या पाण्यात केलेलं सूप आणि भाज्यांच्या पाण्यात केलेलं सूप यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आणि हे काही विलायती खूळ नाही. पुरणाची डाळ शिजली की वरचं पाणी आपण टाकत नाही. कुणी त्याला कट म्हणतं, सातारा-कोल्हापूरकडे येळवणी म्हणतात, आणि पुरणपोळीइतकीच वाट त्या आमटीची पाहिली जाते. सूपसाठीही तेच डोकं चालवायचं.

फ्रीझरमध्ये एक डबा ठेवा. आठवडाभर भाजी चिरताना जे निघतं ते त्यात टाकत जा: कांद्याची बुडं आणि बाहेरचा जाड थर, कोथिंबिरीची देठं, गाजराची टोकं, आल्याची साल, दुधीची साल, मशरूमचे देठ, दाणे काढून उरलेली मक्याची कणसं. भाजी चिरण्याआधी स्वच्छ धुतलेली असली पाहिजे, कारण इथे सालच शिजणार आहे. कोबी, फ्लॉवर आणि मुळा यात नको. अर्धा तास उकळले की घरभर गंधकासारखा वास सुटतो. मेथी आणि कारल्याची सालं पाणी कडू करतात. बिटानं काही बिघडत नाही, पण मग प्रत्येक सूप गुलाबी होतं.

सगळ्यात चांगलं पाणी मटारच्या सालांचं. डिसेंबर-जानेवारीत मटार स्वस्त झाला की घरोघरी तो किलोकिलोनं सोलला जातो. किलोभर शेंगांत निम्म्याहून जास्त वजन सालांचंच असतं आणि ती जातात कचऱ्यात. कोवळी, हिरवीगार सालं बाजूला काढा. पिवळी पडलेली किंवा काळे ठिपके असलेली टाकून द्या. मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून दोनदा धुवा. मग दोन लिटर गार पाण्यात ही सालं, एक कांदा चार तुकडे करून, पाच-सहा मिरीदाणे आणि एक तमालपत्र घालून मंद आचेवर ३५ ते ४० मिनिटं ठेवा. पाणी फिकट हिरवं आणि चक्क गोडसर होतं. मग गाळून घ्या. सालांच्या आतला पापुद्रा चिवट असतो, तो शिजत नाही, त्यामुळे ती वाटून सूपमध्ये घालायच्या फंदात पडू नका. मी एकदा पडलो होतो. प्रत्येक घोटात दोरा आला.

या पाण्यात मीठ घालायचं नाही. पुढे सूप आटतं तसं मीठ चढत जातं आणि मग आवरत नाही. पाणी फ्रीजमध्ये तीन दिवस राहतं. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलं तर महिना-दीड महिना. वेळ नसेल तेव्हा कुकरला पंधरा मिनिटं लावा. पाणी जरा गढूळ होतं, चवीत फार फरक पडत नाही.

कांद्याला बारा मिनिटं द्या

माझी पहिली डझनभर सूपं बेचव झाली, कारण मी सगळं एकदम कुकरमध्ये टाकून तीन शिट्ट्या करत होतो. चव येते ती त्याआधीच्या वीस मिनिटांत.

पातेल्यात तेल तापवून दोन मध्यम कांदे बारीक चिरून घाला, वर चिमूटभर मीठ. मीठ कांद्यातलं पाणी बाहेर काढतं, त्यामुळे तो करपत नाही. आच मंद. दहा-बारा मिनिटांत कांदा पारदर्शक होऊन अर्ध्यावर येतो आणि त्याचा तिखट वास जाऊन गोड वास येतो. भाजीसाठी करतो तसा लालसर करायचा नाही. सूपला करपट छटा येते. मग सहा पाकळ्या लसूण ठेचून, एक मिनिट. मग दोन-तीन टोमॅटो किसून.

टोमॅटो चिरण्यापेक्षा अर्धे कापून मोठ्या किसणीवर किसा. साल हातात राहते. तो किस कांद्यात आठ-दहा मिनिटं परतायचा, इतका की कडेनं तेल सुटायला लागेल आणि लाल रंग विटकरी होईल. शाकाहारी सूपला जो भरदारपणा कमी पडतो तो इथे भरून निघतो. टोकियोतल्या किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञानं १९०८ साली कोंबू या समुद्री शेवाळाच्या पाण्यातून ही भरदार चव देणारं ग्लुटामेट वेगळं केलं आणि त्या चवीला उमामी नाव दिलं. तेच ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोत भरपूर असतं, आणि टोमॅटो आटवला की चव एकवटते. वाळवलेले मशरूम मिळाले तर दोन-तीन गरम पाण्यात भिजवून बारीक चिरून इथेच घाला. भिजवलेलं पाणीही ओता, फक्त तळाची कचकच तळालाच राहू द्या.

कोरडे मसाले घालायचे असतील तेही इथेच, तेलात. धणे-जिऱ्याची पूड उकळत्या सूपवर भुरभुरली की कच्ची लागते.

मसुराचं सूप: सुरुवात इथून करा

तुर्कस्तानात हे सूप घरोघरी होतं, खाणावळीत मिळतं आणि रमजानात उपास सोडायला असतं. नाव मेर्जिमेक चोर्बासी. मेर्जिमेक म्हणजे मसूर, चोर्बा म्हणजे सूप. आपल्या हाताला हे चटकन जमतं, कारण अर्धं काम वरणाचंच आहे. फरक आहे तो गाजर-बटाट्यात आणि शेवटच्या फोडणीत.

१. सालं काढलेली केशरी मसूरडाळ एक वाटी, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवून घ्या. भिजवायची गरज नाही.

२. वर सांगितल्याप्रमाणे कांदा, लसूण, दोन टोमॅटो परतून घ्या. त्यात एक चमचा जिरेपूड.

३. दोन गाजरं आणि एक मोठा बटाटा यांच्या फोडी, धुतलेली डाळ आणि सव्वा लिटर भाज्यांचं पाणी घाला. उकळी आली की वर फेस येतो, तो पळीनं काढून टाका.

४. आच कमी करून झाकण तिरपं ठेवा. २५ मिनिटांत डाळ विरघळते आणि बटाटा पळीनं दाबला की फुटतो. मधून दोन-तीनदा तळापासून ढवळा.

५. आता घोटायचं, आणि इथे जरा थांबतो.

आमच्याकडे मिक्सर आहे. पहिल्यांदा मी उकळतं सूप भांडं काठोकाठ भरून फिरवलं. पातं सुरू होताच आतली वाफ एकदम फुगली, झाकण उडालं आणि मसूर छतापर्यंत गेला. तो पिवळा डाग अजून आहे. पाहुणे विचारतात. हातावर आलं नाही हे नशीब. मिक्सरच वापरायचा असेल तर सूप कोमट होऊ द्या, भांडं निम्मंच भरा, झाकणाची मधली टोपी काढून त्यावर दुमडलेला फडका धरा आणि थांबत-थांबत फिरवा.

त्या प्रसंगानंतर आईनं माळ्यावरून पुरणयंत्र काढायला लावलं. स्टीलचं, हँडल फिरवायचं, वर्षातून होळीला आणि एखाद्या सणाला उतरणारं. सूपसाठी याच्यासारखं साधन नाही. पातेल्यावर बसवायचं, एकेक डाव ओतायचा आणि फिरवायचं. टोमॅटोच्या बिया, गाजराचे दोरे, लसणाच्या साली वर राहतात, खाली जातं ते मऊ आणि दाणेदार. मिक्सरमध्ये बटाटा जास्त फिरला की त्यातलं पीठ सुटून सूप डिंकासारखं चिकट होतं. पुरणयंत्रात ते होत नाही. हवा मिसळत नाही म्हणून रंगही फिकट पडत नाही. बारीक जाळी लावली तर गुळगुळीत, मोठी लावली तर जाडसर. आईला मोठी आवडते. तिच्या मते गुळगुळीत सूप म्हणजे बाळाची पेज.

६. घोटलेलं सूप परत पातेल्यात घ्या, मीठ घाला, पाच मिनिटं उकळा. फार दाट वाटलं तर गरम पाणी. गार पाण्यानं डाळीची चव पांचट होते.

७. कढल्यात एक टेबलस्पून लोणी वितळवा. फेस बसला की गॅस बंद करा आणि मग एक चमचा काश्मिरी मिरचीपूड आणि एक चमचा सुकवलेला पुदिना चुरडून घाला. गॅस चालू असताना मिरची घातली तर क्षणात काळी पडते. पुदिना घरी सावलीत तीन-चार दिवस पसरला की वाळतो. ही लाल फोडणी वाडग्यात वाढल्यावर वरून.

८. लिंबाची फोड बाजूला द्या. हे सूप लिंबाशिवाय अपुरं आहे. पण लिंबू पातेल्यात पिळून उकळायचं नाही, नाहीतर कडवट होतं.

सोबत भाकरीचे तुकडे तव्यावर तुपात कुरकुरीत करून दिले तर घरातली तरुण मंडळीही तक्रार करत नाहीत. शिळी भाकरी यासाठी ताजीपेक्षा सरस.

राजमा आणि सात भाज्या

दुसरं सूप न घोटता खायचं. इटलीतलं मिनेस्त्रोने. त्याची एकच एक पाककृती नाही. हंगामात जे मिळेल ते, त्यात शेंगवर्गीय दाणे आणि थोडा पास्ता किंवा तांदूळ. म्हणजे आपली भोगीची भाजीच जरा पातळ केलेली. माझ्या हातून हे तीन वेळा बिघडलं आणि दर वेळी कारण एकच होतं: सगळ्या भाज्या एकदम घातल्या. बटाटा कच्चा आणि पालक शेवाळ.

राजम्याबद्दल आधी एक सावधगिरी. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन, म्हणजे एक विषारी प्रथिन असतं, आणि अर्धवट शिजलेला राजमा थोडा जरी पोटात गेला तरी काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. तो आठ तास भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात खळखळून निदान दहा मिनिटं उकळा आणि मग पूर्ण मऊ शिजवा. कुकरमध्ये ही काळजी मिटते, कारण तिथलं तापमान ११५ ते १२० अंश सेल्सिअसपर्यंत जातं. मंद आचेवर सात-आठ तास शिजवणारी विजेची भांडी हल्ली मिळतात, त्यात मात्र कच्चा राजमा थेट घालू नका. तिथे उकळीइतकी उष्णता मिळेलच असं नाही. राजम्याऐवजी चवळी घेतली तर हा प्रश्नच नाही आणि ती लवकर शिजते.

भिजवतानाच पाण्यात लिटरला दीड चमचा मीठ घाला. मिठानं दाणे कडक राहतात हा समज मीही पाळत होतो. उलट मिठाच्या पाण्यात भिजलेल्या दाण्याची साल मऊ होते आणि तो फुटत नाही. कडक राहतात ते आंबटामुळे. टोमॅटो, चिंच किंवा आमसूल आधी पडलं की राजमा तास-तास तसाच राहतो. म्हणून राजमा वेगळा शिजवायचा: कुकरला पाच-सहा शिट्ट्या, मग मंद आचेवर दहा मिनिटं. त्याचं शिजलेलं पाणी टाकू नका, दाटपणा त्यात आहे.

मग क्रम असा. कांदा आणि दोन गाजरं बारीक चिरून तेलात बारा मिनिटं. सेलरीची एक दांडी मिळाली तर तीही, नाहीतर कोथिंबिरीची कोवळी देठं. लसूण. तीन टोमॅटोंचा किस, तेल सुटेपर्यंत. नंतर एक लिटर भाज्यांचं पाणी, त्यात बटाटा आणि लाल भोपळा, दोन सेंटिमीटरच्या फोडी करून, १५ मिनिटं. टोमॅटोच्या आंबटपणात बटाट्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो, घाई करू नका. तो सुरीला लागेनासा झाला की राजमा त्याच्या पाण्यासकट आणि एक मूठ फरसबी, आठ मिनिटं. मग बारीक चिरलेला कोबी आणि मूठभर मटार, चार मिनिटं. पालक अगदी शेवटी, गॅस बंद करताना. उष्णतेनंच तो बसतो.

डावभर राजमा आणि दोन बटाट्याच्या फोडी काढून पळीच्या पाठीनं चेचून परत सोडा. एवढ्यानं सगळं सूप एकजीव होतं.

पास्ता वेगळा उकडून वाडग्यात घाला आणि वरून सूप ओता. पातेल्यातच शिजवला तर त्या रात्री बरं लागतं, पण सकाळी पाहावं तर सगळं पाणी पिऊन पास्ता बोटाएवढा फुगलेला असतो.

यावर चीज किसण्याची पद्धत आहे आणि तिथे शाकाहारी माणसानं डबा वाचावा. अस्सल पार्मिजानो रेज्जानो हे इटालियन चीज करताना दूध जमवायला वासराच्या पोटातलं रेनेट हे द्रव्य वापरतात. इटलीतल्याच जेनोव्हाकडे याच सूपमध्ये शेवटी चमचाभर पेस्तो, म्हणजे बेझिलच्या पानांची चटणी, ढवळतात. मी त्याची नक्कल कोथिंबीर, दोन पाकळ्या लसूण, चार अक्रोड आणि तेल खलबत्त्यात कुटून करतो. गरम सूपवर हा हिरवा गोळा पडला की जो वास सुटतो त्यापुढे चीजची आठवण येत नाही.

"हे तर शेंगोळ्याचं पाणी"

मिनेस्त्रोनेचा वाडगा अर्धा झाल्यावर आई म्हणाली, "एवढा घाट कशाला घालतोस? आमच्याकडे थंडीत शेंगोळे व्हायचे. तेही असंच, पाणी प्यायचं आणि आतलं खायचं."

तिचं माहेर जुन्नरकडचं. हुलगा तिथल्या हलक्या, मुरमाड रानात, फारसं पाणी नसतानाही येतो. कोकणात त्यालाच कुळीथ म्हणतात आणि त्याचं पिठलं होतं, कढण होतं. घाटावर शेंगोळे आणि माडगं. पुढची कृती आईची. ती ओट्यापाशी खुर्ची टाकून बसली आणि मी हात चालवले. तिचं माप ओंजळीचं होतं, मी मागून वजन केलं.

हुलग्याचं पीठ २०० ग्रॅम, ज्वारीचं पीठ दोन मुठी, गव्हाचं एक मूठ. ज्वारी नसेल तर शेंगोळे चिवट होतात, गहू नसेल तर फुटतात. पंधरा पाकळ्या लसूण, चार हिरव्या मिरच्या, एक चमचा जिरं आणि मीठ पाट्यावर किंवा खलबत्त्यात जाडसर वाटा. "बारीक करू नकोस, दाताखाली यायला पाहिजे," म्हणाली, आणि मग आपल्या तोंडाकडे बोट दाखवून हसली.

अर्धं वाटण आणि पाव चमचा हळद पिठात घालून घट्ट गोळा मळा. पुरीच्या कणकेपेक्षा घट्ट. हाताला तेल लावून लिंबाएवढा गोळा घ्या आणि पोळपाटावर तळहातानं लांब वळा, साधारण करंगळीच्या निम्म्या जाडीची दोरी. तिचं कडबोळ्यासारखं वेटोळं करून टोकं दाबून जोडा. माझी पहिली वेटोळी अंगठ्याएवढी जाड झाली. आईनं ती सगळी परत मोडायला लावली. जाड शेंगोळा बाहेरून शिजतो आणि आत पीठ राहतं.

मळलेल्यातला एक छोटा गोळा बाजूला ठेवा आणि वाटीभर पाण्यात कालवा. हे या सूपचं दाटपण.

पातेल्यात तीन टेबलस्पून तेल, उरलेलं वाटण त्यात लसूण बदामी होईपर्यंत परता, मग दीड लिटर पाणी, हळद, मीठ. पाण्याला खळखळून उकळी यायलाच हवी. कोमट पाण्यात सोडलेले शेंगोळे विरघळून पिठलं होतं. चार-पाच करत सोडा, म्हणजे उकळी मोडणार नाही, आणि पहिली तीन मिनिटं पळी लावू नका. ते वर तरंगायला लागले की कालवलेलं पीठ आणि दोन चमचे शेंगदाण्याचं कूट घालून हलक्या हातानं ढवळा. मंद आचेवर २० ते २५ मिनिटं. एक काढून सुरीनं कापून पाहा. मधोमध कोरडा फिकट ठिपका दिसला तर आणखी पाच मिनिटं.

वाढताना वरून तूप आणि कोथिंबीर. आंबट काही लागत नाही. हुलग्याला स्वतःची मातकट, खरपूस चव असते आणि लसूण ती पेलतो. आईनं शेंगोळे चमच्यानं मोडून त्याच पाण्यात भिजवून खाल्ले. त्या रात्री जेवायला काय आहे हे तिनं विचारलं नाही.

बिघडलं तर

खारट झालं तर बटाटा टाकून तो मीठ शोषेल याची वाट पाहू नका. बटाटा मिठासकट पाणी शोषतो, उरलेलं सूप तेवढंच खारट राहतं. बिनमिठाचं पाणी वाढवा आणि थोडी शिजलेली डाळ घाला.

पांचट लागलं तर आधी लिंबाचे चार थेंब घालून पाहा, मग मीठ. निम्म्या वेळा मीठ बरोबर असतं आणि कमी असतो तो आंबटपणा.

बुडाशी लागलं तर खरवडू नका, ढवळूही नका. वरचं अलगद दुसऱ्या पातेल्यात ओता आणि चाखा. बहुतेक वेळा वाचतं.

दूध किंवा साय घालायची असेल तर टोमॅटो-लिंबाच्या सूपमध्ये नको, ते फाटतं. भोपळ्याच्या किंवा मक्याच्या सूपमध्ये चालतं, तेही गॅस बंद करून.

उरलं तर

डाळीचं सूप ओट्यावर रात्रभर ठेवू नका. उन्हाळ्यात तर सकाळपर्यंत आंबतंच. पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जाऊ द्या. तिथे तीन दिवस. काढताना लागेल तेवढंच काढा आणि उकळी आणूनच घ्या.

गोठवायचं तर मसुराचं सूप उत्तम, मात्र डब्यात वर दोन बोटं जागा सोडा, नाहीतर फुगून झाकण उचकटतं. बटाट्याच्या फोडी गोठल्यावर पिठूळ आणि पाणचट होतात, म्हणून राजम्याचं सूप गोठवायचं असेल तर बटाटा ऐनवेळी घाला. शेंगोळे गोठवू नयेत. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आळून घट्ट होतात आणि तव्यावर तेलात परतले की कडेनं कुरकुरीत होतात. आईची कवळी मार्चमध्ये बसली. आता तिचा वाटा ती असा परतूनच खाते, मी उठायच्या आधी, आणि तवा माझ्यासाठी ठेवते.